आधी माणूस, मग मशीन

बाळा,

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, या आठवड्यात घरी सोडणार, असा वहिनीचा फोन आला. बरं वाटलं. दवाखान्यात नर्स होत्या, वॉर्डबॉय होते, बेल दाबली की कुणीतरी यायचं. आता त्या सगळ्यांच्या जागी तुम्ही दोघं आणि चार-पाच मशिनं. घाबरायचं कारण नाही. ज्याला शिवणयंत्र चालवता येतं त्याला यातलं प्रत्येक मशीन चालवता येतं. दोरा कुठून कसा ओवायचा हे एकदा कळलं की झालं.

तुझ्या आजीचं आजारपण आम्ही घरीच काढलं, पुढे माझ्या सासूबाईंचं. त्या काळात हाताला जे लागलं आणि डॉक्टरांनी, नर्सबाईंनी वेळोवेळी जे समजावलं, ते लिहून देते. यातलं सगळं दादाला लागणार नाही. लागेल ते घे, उरलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडेल. आणि डॉक्टरांनी त्याच्यासाठी म्हणून जे सांगितलं असेल, ते माझ्या सांगण्याच्या वर.

पलंग यायच्या आधी

१. पलंग भिंतीला चिकटवू नकोस, दोन्ही अंगांनी माणूस उभं राहील एवढी जागा सोड — कूस वळवताना समोरासमोर दोघं असले की कुणाचीच कंबर धरत नाही.

२. फाउलर पलंगाच्या चाकांचे ब्रेक रोज सकाळी पायाने दाबून बघ — फरशी पुसताना कुणीतरी ते सोडतं आणि लावायचं राहून जातं. डोक्याची बाजू वर करायचा दांडाही काम झालं की आत ढकलायचा, नाहीतर रात्री नडगी फुटते.

३. पलंग, वॉकर, कमोड खुर्ची लगेच विकत घेऊ नकोस. अनामत रक्कम घेऊन रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रं, मंडळं, ट्रस्ट आपल्याकडे शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही आहेत — दादा चालायला लागला की तोच पलंग घरात अडगळ होतो.

४. पण नाकात घालायची नळी, मास्क, नेब्युलायझरचा कप, फीडिंगची सिरिंज ही नवीनच आणायची, कितीही जवळच्या माणसाची असली तरी दुसऱ्याची वापरायची नाही — मशीन उसनं चालतं, श्वासाची नळी नाही.

५. मशीन पोचवायला येणारा माणूस भराभर चालवून दाखवेल आणि तू मान डोलावशील. तसं नको. तू चालव आणि त्याला बघायला सांग, वहिनीला फोनवर चित्रण करू दे — पाहिलेलं रात्री आठवत नाही, हाताने केलेलं आठवतं.

६. मशीनवरचा नोंदणी क्रमांक, कंपनीचा सेवा क्रमांक आणि भाड्याने देणाऱ्याचा नंबर एका कागदावर लिहून मशीनच्याच अंगावर चिकटव — बिघाड झाला की पावती कधीच सापडत नाही.

७. एक दोनशे पानी वही आण, पेन दोऱ्याने तिलाच बांध. वेळ, ऑक्सिजन, नाडी, बीपी, साखर, लघवी, संडास, खाणं आणि दिलेलं औषध, एवढे रकाने पुरेत — डॉक्टर विचारतात 'कधीपासून?' आणि घरातली तीन माणसं तीन वेगळी उत्तरं देतात.

वहीला शेवटचा एक रकाना माझ्या मनचा: 'आज कसा दिसतो'. हसला, चिडला, पेपर मागितला, जेवणाला नको म्हणाला, असं दोन शब्दांत लिहायचं. आकडे बिघडायच्या आधी बऱ्याचदा हा रकाना बिघडतो.

विजेचं आधी ठरव

८. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची पिन सरळ भिंतीतल्या बोर्डात, तेही त्याच्या एकट्याच्या. एक्स्टेंशनवर मिक्सर, पंखा आणि कॉन्सन्ट्रेटर असा एकत्र संसार मांडायचा नाही — दिवसरात्र चालणाऱ्या मशीनची वायर तापते आणि प्लग वितळतो.

९. घरातला इन्व्हर्टर त्याला किती वेळ पेलतो ते दिवसाउजेडी, दादा घरी यायच्या आधी करून बघ. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. दीडशे अँपिअर-अवर्सची चांगली बॅटरी त्याला जेमतेम तीन तास चालवेल, आणि तेही घरातले दिवे-पंखे बंद ठेवून — जुनी बॅटरी त्याच्या निम्मंही देत नाही.

१०. चोवीस तास चालला तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट धर — बिल बघून महिनाअखेरीस दादाच आपला मशीन बंद ठेवायला लागेल. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, त्याला बिल दाखवूच नकोस.

११. विजेच्या तक्रारीचा १९१२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिही. आपल्या भागातल्या वायरमनला घरात ऑक्सिजनचा पेशंट आहे हे आधीच सांगून ठेव — ओळख असली की दुरुस्तीला जायच्या आधी एक फोन येतो.

ऑक्सिजन

कॉन्सन्ट्रेटरचं एक समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. आपल्या खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशीन ही हवा आत ओढतं आणि झिओलाइट नावाच्या बारीक खड्यांतून दाबाने पुढे ढकलतं. खडे नायट्रोजन धरून ठेवतात, आणि नळीतून ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन बाहेर येतो. धरलेला नायट्रोजन थोड्या थोड्या वेळाने मागे सोडला जातो, तो फुस्स आवाज त्याचाच. खोलीतला ऑक्सिजन संपेल का, असं वहिनी विचारत होती. नाही संपत, दार-खिडकीची हवा येती-जाती ठेव म्हणजे झालं.

१२. मशीन भिंतीपासून, पडद्यापासून आणि लोंबणाऱ्या चादरीपासून फूटभर लांब ठेव — त्यालाही श्वास घ्यायचा असतो. मागची जाळी झाकली गेली की ते तापतं आणि ऑक्सिजनचा कस उतरतो.

१३. बाजूची स्पंजची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धू, पिळून सावलीत पूर्ण वाळव. दोन जाळ्या ठेव, एक मशीनला, एक दोरीवर — पावसाळ्यात ती दोन दोन दिवस वाळत नाही आणि ओली लावली तर तो ओलावा थेट खड्यांपर्यंत जातो.

१४. मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी दोन रेघांच्या मध्ये भर, आणि रोज जुनं ओतून, बाटली धुऊन नवं भर. वरून भर घालत बसू नकोस — साचलेल्या पाण्यातले जंतू थेट छातीत जातात.

१५. बाटलीचं झाकण आट्यांवर सरळ बसलंय ना ते पाहा, बाटली हातात धरून, डोळ्यांसमोर — तिरकं बसलेलं झाकण हे ऑक्सिजन न पोचण्याचं एक नेहमीचं कारण, आणि मशीन आपलं मजेत गुरगुरत असतं.

१६. शंका आली की नळीची नाकातली दोन टोकं वाटीभर पाण्यात धर. बुडबुडे आले तर वाट मोकळी आहे; नाही आले तर नळीवरून हात फिरवत मशीनपर्यंत मागे जा — बहुतेक वेळा ती पलंगाच्या चाकाखाली नाहीतर दादाच्याच पाठीखाली सापडते. नळीला पीळ, जिवाला खीळ.

१७. मशीनच्या लिटरच्या काट्यावरचा गोळा मधोमध रेघेवर आला पाहिजे, आणि तो उभ्याने वरून बघायचा नाही, वाकून डोळ्यांच्या पातळीत बघायचा — वरून पाहिलं की दोनाचे अडीच दिसतात.

१८. डॉक्टरांनी दोन लिटर सांगितलं असेल तर दोनच. धाप लागली म्हणून आपल्या मनाने चार करायचं नाही, फोन करायचा — दादासारख्या जुन्या दमेकरी फुप्फुसांना जास्तीचा ऑक्सिजन मानवत नाही. अंगात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. अशा पेशंटला डॉक्टर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगतात, ९८ दिसावं म्हणून धडपडू नकोस.

१९. देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती, गॅस, काडेपेटी सगळं निदान दहा फूट लांब. दादाला संध्याकाळच्या दिव्याची सवय आहे, तर दिवा दुसऱ्या खोलीत लाव आणि त्याला दारातून नमस्कार करू दे — ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. बिडी ओढायला येणारे त्याचे मित्र ओसरीवरूनच परत पाठव, मी सांगितलं म्हणून सांग.

२०. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन, तेल, तूप लावू नकोस, पाण्यावर बनलेलं जेल केमिस्टकडून आण — तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन एकत्र आले की पेट घ्यायला निमित्त पुरतं. कानामागे नळी घासते तिथे कापसाची घडी ठेव.

२१. दादा बाथरूमला गेला आणि नळी काढली, तर मशीन बंद कर. चालू नळी गादीवर टाकू नकोस — चादर-दुलईत ऑक्सिजन मुरतो. परत चालू केल्यावर पूर्ण ताकदीला यायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून आधी चालू, मग नाकात.

२२. वीज गेली तर म्हणून एक सिलेंडर घरात असू दे. बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो: मिनिटाला दोन लिटरने कागदावर साडेबारा तास, पाचने पाचच तास. दर रविवारी काटा बघ — रिकामा सिलेंडर रात्रीच कळतो.

२३. सिलेंडर उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला, किल्ली त्याच्याच गळ्यात. व्हॉल्व्ह हळूहळू उघड आणि हाताला तेल, क्रीम लागलेलं असताना त्याला शिवू नकोस — व्हॉल्व्ह घट्ट आहे म्हणून तेलाचा थेंब सोडणारे हुशार लोक असतात, त्यांना तिथल्या तिथे थांबव.

बोटावरचा चिमटा, दंडावरचा पट्टा

२४. ऑक्सिमीटर लावायच्या आधी बोट चोळून गरम कर, नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट बघ. हात टेकलेला, स्थिर. आकडा एका जागी ठरेपर्यंत मिनिटभर थांब — पहिला दिसलेला आकडा बहुतेकदा खोटा असतो. सावळ्या कातडीवर तो थोडा चढाही दाखवू शकतो.

हा चिमटा आता भाजीच्या पिशवीत मावतो, पण त्यामागे मोठी बुद्धी आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये यामागचं तत्त्व मांडलं. त्याआधी रक्तातला ऑक्सिजन मोजायला बहुतेकदा धमनीत सुई घालावी लागायची. म्हणून म्हणते, त्याला खेळण्यासारखं हाताळू नकोस, आणि दर पाच मिनिटांनी लावून दादाला घाबरवूही नकोस. ठरलेल्या वेळा पुरेत.

२५. आकडा ८० आणि दादा मजेत पेपर वाचतोय? आधी बोट बदल. आकडा ९४ आणि ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय? आकड्याचं ऐकू नकोस, १०८ लाव — आधी माणूस, मग मशीन.

२६. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड छातीच्या पातळीत टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ दे, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे — यातलं एकेक चुकलं तरी आकडा चढतो आणि गोळी वाढते.

२७. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही लिही. मोजत असताना गप्पा नकोत — बोलण्यानेही बीपी वर जातं, आणि दादा तर राजकारणावर बोलणार.

२८. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घे — लहान पट्टा उगाच जास्त दाखवतो. ओळखीत कुणाचं डायलिसिस चालू असेल तर त्यांना सांग, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या, हातावर ना बीपी, ना रक्त, ना सुई — तो हात म्हणजे त्यांची जीवनवाट.

साखर आणि इन्सुलिन

इथे जरा हळू वाच. घरच्या उपकरणांत सगळ्यांत लहान चूक आणि सगळ्यांत मोठा घोटाळा इथेच होतो.

२९. टोचायच्या आधी साबणाने हात धुऊन कोरडे कर. आंबा कापलेल्या, गूळ फोडलेल्या बोटावरची साखर मशीन दादाच्या नावावर टाकतं — हात धुतला, घात टळला.

३०. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोच, आणि दर वेळी बोट बदल — कडेला कमी दुखतं आणि दादा हात मागे घेत नाही. सुई दर वेळी नवी.

३१. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पट्टी काढली की लगेच लाव, मुदतीची तारीख बघ — कोकणातल्या दमट हवेत उघडी डबी लवकर बिघडते आणि मग आकडे वाटेल ते येतात.

३२. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० आहे की १०० ते मोठ्याने वाच, मग सिरिंजवर वाच. आपल्याकडे ४०च्या सिरिंजला लाल टोपण आणि १००च्या सिरिंजला नारिंगी टोपण असतं. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर — १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने भरलं तर वीस रेघांत वीसऐवजी पन्नास युनिट जातात, अडीच पट.

३३. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही, पेन बिघडला तरी — पेनमधलं औषध बहुधा १००चं असतं आणि घरातली सिरिंज ४०ची.

३४. पेनने आधी दोन युनिट हवेत सोडून बघ, थेंब दिसला पाहिजे. टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढ — घाईने काढली तर शेवटचे थेंब कातडीवरच राहतात. ढगाळ दिसणारं इन्सुलिन दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच फिरव, घुसळू नकोस.

३५. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजच्या दारात, फ्रीझरमध्ये कधीच नाही — एकदा गोठलं की ते फेकायचंच. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिही, बहुतेक बाटल्या उघडल्यावर चार आठवडेच चालतात. विदर्भातल्या चुलतभावाकडे उन्हाळ्यात वीज जाते, तो ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

३६. दरदरून घाम, थरथर, चिडचिड किंवा उलटसुलट बोलणं दिसलं की साखर मोज. ७०च्या खाली असेल आणि दादा नीट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दे, पंधरा मिनिटांनी परत मोज — बिस्किटं, पोळी मागून. त्यांची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नकोस, १०८.

३७. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत जमव आणि भरली की दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारून दे — कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातांनाही घर आहे, मुलं आहेत.

नेब्युलायझर

३८. नेब्युलायझर म्हणजे वाफारा नव्हे. त्यात डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि सांगितलं असेल तर सलाईन, एवढंच; निलगिरीचं तेल, बाम, साधं पाणी काही नाही — तेलाचे कण फुप्फुसात बसतात.

३९. औषध देताना बसवून दे, आणि स्टेरॉइडचं औषध असेल तर नंतर चूळ भरायला लाव, मास्कखालचा चेहरा पूस — नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. कप दर वेळी धुऊन, झटकून, स्वच्छ कापडावर उघडा वाळव.

नळ्या आणि पिशव्या

नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी आणि लघवीची नळी दादाला काही दिवसच आहेत म्हणतात. तरीही सांगते, कारण या दोन गोष्टींना घरची माणसं सगळ्यांत जास्त भितात, आणि भीतीने हात घाईत चालतो.

४०. भरवायच्या नळीवर नाकपुडीशी पेनने खूण असते, ती प्रत्येक वेळी बघ. खूण सरकली असेल, दादा खोकत असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल तर काही घालायचं नाही. बाहेर आलेली नळी आत ढकलायचीही नाही — ती पोटाऐवजी छातीत जाऊ शकते.

४१. भरवताना पलंगाची डोक्याची बाजू निदान तीस अंश, जमलं तर पंचेचाळीस, आणि भरवून झाल्यावर तासभर तशीच — आडवं केलं की पोटातलं वर येतं. सिरिंजचा दट्ट्या काढून टाक, नळकांडं हातभर वर धर, आपोआप उतरू दे. घाईचा घास, छातीला त्रास.

४२. पेज, डाळीचं पाणी, सूप बारीक गाळणीतून गाळ, कोमट आहे ना ते मनगटावर बघ, आधी आणि नंतर थोडं पाणी सोड — भाताचं एक शीत नळी बंद करतं. गोळ्या कुटण्याआधी डॉक्टरांना विचार. काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगावर येतं.

४३. तोंडाने खात नाही म्हणून तोंड विसरू नकोस. दिवसातून दोनदा ओल्या गॉझने जीभ, हिरड्या पूस — कोरडं, न धुतलेलं तोंड न्यूमोनियाला आमंत्रण देतं.

४४. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली आणि जमिनीच्या वर, पलंगाच्या चौकटीला अडकव. हलवताना पोटावर ठेवू नकोस — वर गेली की साचलेली लघवी परत आत वाहते. कठड्याला अडकवली तर कठडा उचलताना तीही वर जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

४५. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी कर, आधी-नंतर हात धू, किती झाली ते वहीत लिही. तीन-चार तासांत थेंबही आला नाही, तर आधी नळी मुडपली आहे का बघ, मग डॉक्टरांना फोन — गढूळ किंवा लाल लघवी आणि थंडी-ताप यांनाही फोनच.

४६. ती नळी आत फुगलेल्या फुग्याने अडकलेली असते, म्हणून मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल बांध — कूस वळवताना ओढ बसली तर आत जखम होते आणि दादा ओरडतो.

सक्शन मशीन, गळ्यातली नळी किंवा बायपॅप घरी येणार असेल तर मी कागदावर शिकवणार नाही. सुटी मिळण्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंसमोर तू आणि वहिनी, दोघांनी, स्वतःच्या हाताने करून दाखवा. त्या 'जमलं' म्हणेपर्यंत डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.

पाठ

४७. हवेची गादी आणली म्हणजे कूस वळवायची सुटका झाली, असं समजू नकोस. दर दोन तासांनी वळवायचंच — गादी दाब वाटून देते, काढून घेत नाही. कूस वळली, जखम टळली.

४८. गादीवर एकच पातळ चादर, सुया-पिना काही नाही. कमरेखाली गादीच्या तळाशी पंजा सरकवून बघ. दादाचं हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे, मोटरचा खटका वाढव — गादी वरून फुगलेली दिसते, मधे बसलेली असते.

४९. अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू उजेडात बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर त्या अंगावर वजन नको आणि डॉक्टरांना कळव — सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतंय का ते बघ.

५०. लाल जागी चोळायचं नाही, पावडर थापायची नाही, रबरी रिंग ठेवायची नाही — चोळण्याने आतली कातडी फाटते आणि रिंग भोवतीचं रक्त अडवते. पोटऱ्यांखाली उशी ठेव म्हणजे टाचा अधांतरी राहतील.

माणसांचं

५१. हात लावायच्या आधी सांग: 'बाबा, आता पट्टा बांधतो', 'आता कूस वळवू या'. दार लोटून घे, पांघरूण लागेल तेवढंच बाजूला कर — दादाने आयुष्यभर स्वतःचं स्वतः केलं आहे. मशीनपेक्षा त्याला हे उघडं पडणं जास्त लागतं.

५२. नर्सिंग ब्युरोतून मावशी येतील त्यांना पहिल्या दिवशी सगळं दाखव, आणि मग चहा देऊन त्यांनाही विचार — त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त पेशंट उचललेत, पाठ कशी धरायची ते त्याच शिकवतील.

५३. अलार्म वाजला की आधी दादाचा चेहरा, मग छाती हलते का, मग नळी, मग मशीन. आवाज बंद करण्याचं बटण सगळ्यांत शेवटी — बटण दाबलं की घर शांत होतं, अडचण तिथेच असते.

५४. रात्रीच्या पाळ्या लाव. तू एक ते पाच, वहिनी आधीची, मावशी पुढची, असं काहीतरी. आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच झोपायचं — ३२व्या कलमात सांगितलेली सिरिंजची चूक जागरणाच्याच डोळ्यांकडून होते. मला फोन कर, चार दिवस मी येऊन राहते. वहिनी संकोच करेल, तू करू नकोस.

५५. डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, आधार, विम्याचे कागद, चार्जर आणि दोन कपडे अशी पिशवी दाराशी टांगलेली असू दे — रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ दादाजवळ बसायचा आहे, कपाट उचकायचा नाही.

५६. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लोकांनी मिळेल त्या भावाला घेतलेले कॉन्सन्ट्रेटर अजून माळ्यांवर पडलेत. कुणी 'आमचा घेऊन जा' म्हटलं तर आभार मानून घे, पण वापरण्याआधी कंपनीच्या माणसाकडून ऑक्सिजनचा कस मोजून घे — पडून राहिलं की ओलावा खड्यांत शिरतो. मशीन गुरगुरतं, बाटलीत बुडबुडे येतात आणि नळीतून निघते साधी हवा.

५७. तुमचं काम झालं की तुम्हीही माळ्यावर टाकू नका. जाळी धुऊन वाळवून, बाटली रिकामी करून, नळ्या फेकून देऊन, किती तास चाललं तो मीटरवरचा आकडा कागदावर लिहून केंद्रात परत द्या, आणि माहितीपुस्तिका त्याच्याच पिशवीत घाला. पुढच्या घरी ती पहिल्या रात्रीच लागते.

तुझी,
आत्या